मोटारींतील ध्वनिवर्धकाची कुरकुर व तिचा शोध

प्रत्येक यंत्र आपापल्या परीनें बोलत असतें. शिवणयंत्रास तेल कमी पडलें म्हणजे तें करकरूं लागतें; विहिरीवरचा रहाट झिजला म्हणजे कण्हूं लागतो; सायकलची सांखळी सैल झाली म्हणजे खडखडूं लागते. अडाणी मनुष्य तो आवाज ऐकून त्रासतो; शहाणा मनुष्य तोच आवाज ऐकून विचार करूं लागतो. ताप हा जसा स्वतः रोग नसून रोगाचें लक्षण आहे, तसाच यंत्राचा नको असलेला आवाज हाहि आंतील एखाद्या दोषाचें लक्षण असतो. लक्षणावरून रोग ओळखण्याची विद्या वैद्यास जितकी अवश्य, तितकीच ती यंत्रज्ञासहि अवश्य आहे.

आजच्या लेखांत आम्ही अशाच एका कुरकुरीचा विचार करणार आहों. मोटारीमध्यें ध्वनिवर्धक, म्हणजे ज्याला बाजारांत अँप्लिफायर म्हणतात तो, बसविला असतां गाण्याबरोबर कधीं शिटी, कधीं खरखर, तर कधीं टिकटिक ऐकूं येते. आमच्या शाळेच्या गाडींत असाच ध्वनिवर्धक बसविलेला आहे. नाताळांत आमचें गायकमंडळ आसपासच्या खेड्यांत जातें, तेव्हां त्याचा उपयोग होतो. गेल्या नाताळापूर्वीं त्या यंत्रानें आम्हांस बरेंच छळलें, व त्यापासून आम्ही जो धडा शिकलों तो पुढें सांगूंच. परंतु प्रथम शास्त्र, आणि मग कथा, हा क्रम बरा.

१. यंत्राची रचना

मोटारींतील विजेचा कारभार एखाद्या गांवाच्या पाणीपुरवठ्यासारखा असतो. बॅटरी ही टांकी होय. इंजिन चालूं झालें म्हणजे पट्ट्यानें अल्टरनेटर फिरूं लागतो व टांकी भरूं लागतो. बॅटरीचा दाब इंजिन बंद असतां सुमारें १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालूं असतां तो १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. डॅशबोर्डांतील स्टिरिओ हा गाण्याचा उगम. त्यापासून दोन बारीक आरसीए तारा निघून आसनाखालच्या अथवा डिकींतल्या ध्वनिवर्धकाकडे जातात. ह्या तारांतून जाणारा संदेश अवघा दोन ते चार व्होल्टांचा, व हळू आवाजाच्या वेळीं तर व्होल्टाच्या सहस्रांशांत मोजण्याजोगा असतो. ध्वनिवर्धक त्या नाजूक संदेशास बळ देऊन स्पीकरांकडे पाठवितो.

ह्या ठिकाणीं एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. घरांतील दिव्यास जाण्याची व येण्याची अशा दोन तारा असतात. मोटारींत मात्र बॅटरीपासून प्रत्येक यंत्राकडे जाणारी तार एकच असते, आणि परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा सगळा पत्रा. कारागीर ह्यास ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. दिवे, भोंगा, पंखा, इंजिनाची ठिणगी, ध्वनिवर्धक, ह्या सर्वांचा प्रवाह ह्याच एका पत्र्यांतून बॅटरीकडे परत येतो. एकाच रस्त्यानें बैलगाड्या, लॉऱ्या व पायीं चालणारीं मुलें जाऊं लागलीं म्हणजे मुलांस धक्के बसणारच. आपला नाजूक संदेश म्हणजे तें पायीं चालणारें मूल होय.

२. ठिणगी व शिटी

मोटारींत संगीत आणण्याचा खटाटोप नवा नाहीं. १९३० सालीं अमेरिकेंतील गॅल्व्हिन बंधूंच्या कारखान्यानें ‘मोटोरोला’ नांवाचा मोटारीचा रेडिओ बाजारांत आणला. त्या काळच्या कारागिरांस सर्वांत मोठी अडचण पडली ती इंजिनाच्या ठिणगीची. ह्यांत नवल नाहीं. १८८७ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्‌झ ह्यानें विद्युत्‌लहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्यानें. म्हणजे पेट्रोलच्या इंजिनांतील प्रत्येक स्पार्क प्लग हा जणूं हर्ट्‌झचा एक छोटा उपकरणसंचच. तो दर मिनिटास शेंकडों वेळां आपला संदेश चोहोंकडे पाठवितो आणि जवळचा रेडिओ तो इमानानें ऐकतो. हल्लीं प्लगामध्यें सुमारें पांच हजार ओहम विरोध घालून ही ठिणगी सौम्य केलेली असते. म्हणून प्लग बदलतांना विरोध नसलेला प्लग स्वस्त मिळाला म्हणून घेऊं नये.

दुसरा त्रासदायक गृहस्थ म्हणजे अल्टरनेटर. पूर्वीं मोटारींत डायनामो असे. १९६० सालच्या क्रायस्लर कंपनीच्या व्हॅलियंट गाडीपासून अल्टरनेटराचा प्रसार झपाट्यानें झाला. अल्टरनेटरांत उत्पन्न होणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. सहा डायोड तिला एका दिशेस लावतात. परंतु त्यामुळें ती बॅटरीच्या विजेसारखी सपाट न होतां तिच्यावर बारीक बारीक उंचवटे राहतात. शेत नांगरून कुळवलें तरी सऱ्यांच्या खुणा राहाव्यात, तसाच हा प्रकार. ह्या उंचवट्यांचीच शिटी होते.

ती किती उंच स्वराची असेल हें विद्यार्थ्यांस स्वतःच काढतां येईल. समजा, इंजिन मिनिटास १,००० फेरे करीत आहे, व अल्टरनेटरची पुली लहान असल्यामुळें तो त्याच्या अडीचपट, म्हणजे २,५०० फेरे करतो. सेकंदास सुमारें ४१.७ फेरे झाले. त्याच्या फिरत्या चुंबकाला ध्रुवांच्या सहा जोड्या असल्या, तर सेकंदास २५० आवर्तनें होतात. आणि तीन वेटोळीं व सहा डायोड असल्यामुळें प्रत्येक आवर्तनास सहा उंचवटे येतात. २५० गुणिले ६, म्हणजे १,५०० कंपनें. इंजिन २,००० फेऱ्यांवर नेलें कीं हीच संख्या ३,००० होते. मनुष्याचा कान दोन ते पांच हजार कंपनांच्या स्वरास सर्वांत अधिक तीक्ष्ण असतो. म्हणून ही शिटी अल्प असूनहि असह्य वाटते. पाय दाबला कीं स्वर चढावा व पाय सोडला कीं उतरावा, हें अल्टरनेटराच्या शिटीचें अचूक लक्षण होय.

३. थोडें गणित

परंतु अल्टरनेटर तर प्रत्येक गाडींत आहे. मग शिटी एखाद्याच गाडींत कां ऐकूं येते? ह्याचें उत्तर ओहम ह्या शास्त्रज्ञाच्या १८२७ सालच्या नियमांत आहे. प्रवाहास विरोधानें गुणिलें असतां दाब निघतो. समजा, ध्वनिवर्धक ३० ॲम्पिअर प्रवाह घेत आहे. त्याची अर्थिंगची तार स्वच्छ पत्र्यास घट्ट बसविली असून तेथील विरोध ओहमाचा एक सहस्रांश असला, तर त्या सांध्यावर ०.०३ व्होल्ट दाब पडेल. तीच तार रंगावर अथवा गंजावर बसविली व विरोध ओहमाचा एक शतांश झाला, तर ०.३ व्होल्ट पडेल. म्हणजे स्टिरिओ ज्यास शून्य म्हणतो व ध्वनिवर्धक ज्यास शून्य म्हणतो, त्या दोन शून्यांत तफावत पडली. दोन दुकानदारांचीं वजनें निरनिराळीं असलीं म्हणजे मालांत घोटाळा होणारच!

आतां ह्या दोघांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो म्हणजे आरसीए तारेचें बाहेरचें जाळीचें आवरण. पत्र्यांतून एक वाट व आवरणांतून दुसरी वाट, असें एक वर्तुळ बनतें. दोन टोंकांच्या दाबांत फरक असल्यामुळें ह्या वर्तुळांतून अल्टरनेटराच्या उंचवट्यांचा प्रवाह वाहूं लागतो, व तो गाण्याच्या संदेशांत मिसळतो. ध्वनिवर्धक बिचारा आज्ञाधारक; गाणें कोणतें व कुरकुर कोणती हें त्यास कळत नाहीं; तो दोहोंसहि सारखेंच मोठें करतो.

येथेंच ‘गेन’ नांवाच्या खुंटीचा विचार केला पाहिजे. पुष्कळ लोक तिला आवाज वाढविण्याची खुंटी समजून शेवटपर्यंत पिरगाळतात. खरें पाहतां, किती व्होल्टांच्या संदेशास पूर्ण शक्ति द्यावयाची, हें ठरविण्यापुरतीच ती आहे. दोन व्होल्टांवर पूर्ण शक्ति मिळेल अशी ती लावली असतां एक सहस्रांश व्होल्टाची कुरकुर पूर्ण संदेशाचा दोन हजारावा भाग ठरते. तीच खुंटी ०.२ व्होल्टावर नेली, तर ती कुरकुर दोनशेंवा भाग ठरते. दोष तोच, पण त्रास दसपट! म्हणून गाणें थांबल्यावर नुसती एकसारखी ‘हिस्स’ ऐकूं येत असेल व इंजिनाशीं तिचा संबंध नसेल, तर प्रथम ही खुंटी मागें घ्यावी.

४. शोधाचा क्रम

कुरकुर ऐकूं येतांच बाजारांत धांवून एखादा ‘फिल्टर’ विकत आणणें हें, रोग्याची नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे. आमच्या मतें शोध करणारानें पुढील क्रम सोडूं नये, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या व कुरकुर थांबली, तर कोणत्या गोष्टीनें थांबली हें कधींच कळणार नाहीं. प्रत्येक पायरीचा निकाल कागदावर टिपून ठेवावा.

पहिली पायरी ऐकण्याची. इंजिन बंद ठेवून यंत्र चालूं करावें. मग इंजिन सुरू करावें. मग पाय दाबावा. नंतर दिवे, पंखा, कांच पुसण्याची मोटर व वळणाचा दिवा एकेक करून लावावे. स्वर इंजिनाबरोबर चढतो तर अल्टरनेटर. टिकटिक इंजिनाबरोबर वाढते तर ठिणगी. वळणाच्या दिव्याबरोबर टकटक येते तर अर्थिंगचा समाईक सांधा. खड्ड्यांतून जातांना खरखर होते तर सैल जोडणी. कुरकुर केवळ रेडिओवर ऐकूं येते आणि इतर गाण्यांवर नाहीं, असें आढळल्यास दोष एरियलच्या वाटेनें येत आहे. मग एरियलच्या बुडाचें अर्थिंग तपासावें, आणि नुकताच बसविलेला एखादा स्वस्त एलईडी दिवा अथवा मोबाइलचा चार्जर काढून पाहावा. मोबाइल तारेनें स्टिरिओस जोडलेला असून त्याच वेळीं गाडीच्या चार्जरवरहि असेल, तर त्याच्यामार्फतच वर्तुळ पुरें होत असण्याचा संभव असतो. चार्जर काढतांच शांतता झाल्यास शोध तेथेंच संपला.

दुसरी पायरी ध्वनिवर्धकाची. यंत्र बंद करून ध्वनिवर्धकाकडच्या आरसीए तारा काढाव्यात. दोन जुने आरसीए प्लग घेऊन प्रत्येकाची मधली कांडी व बाहेरचें कडें तारेच्या तुकड्यानें एकत्र जोडावें, व ते प्लग ध्वनिवर्धकाच्या तोंडांत बसवून यंत्र चालूं करावें. आतां त्यास गाण्याचा संदेश मुळींच मिळत नाहीं. तरीहि कुरकुर चालूं असली, तर दोष ध्वनिवर्धकांत, त्याच्या पुरवठ्याच्या तारेंत, अर्थिंगमध्यें अथवा स्पीकरांच्या तारांत आहे. कुरकुर थांबली, तर हे सर्व निर्दोष असून दोष मागून, म्हणजे आरसीए तारांकडून अथवा स्टिरिओकडून येत आहे. एका परीक्षेनें अर्धी गाडी निर्दोष ठरते, हा ह्या पद्धतीचा मोठा गुण होय.

तिसरी पायरी तारांची. दुसऱ्या पायरींत शांतता झाली असल्यास आरसीए तारा ध्वनिवर्धकास पुन्हां जोडाव्यात, परंतु स्टिरिओकडील टोंकें मोकळीं करून त्यांचीच कांडी व कडें एकत्र जोडावें. स्टिरिओच्या तोंडांत मात्र जोडलेला प्लग कदापि घालूं नये. आतां कुरकुर आली तर तार वाटेंत दुसऱ्या कोणत्या तरी तारेचा आवाज उचलीत आहे. न आली तर बोट स्टिरिओकडे वळतें. ह्याच पायरींत, स्वतःच्या बॅटरीवर चालणारें एखादें लहान वाद्ययंत्र आंखूड तारेनें ध्वनिवर्धकास लावून पाहणें हाहि उत्तम पडताळा आहे.

चौथी पायरी मोजण्याची. अर्थिंगचा सांधा मीटरच्या ओहमाच्या पट्टीवर मोजून पुष्कळ लोक समाधान मानतात. परंतु ओहमाचा सहस्रांश साध्या मीटरावर मोजतां येत नाहीं. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच विरोध त्याहून अधिक असतो. म्हणून येथें व्होल्टांची पट्टी वापरावी. गाणें मोठ्यानें चालूं ठेवून मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीस व दुसरें ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगच्या स्क्रूस लावावें. व्होल्टाच्या एक दशांशापर्यंत दाब दिसल्यास ठीक. अर्धा व्होल्ट दिसल्यास सांधा अथवा तार सदोष समजावी. त्यानंतर इंजिन चालूं असतां व दिवे लावलेले असतां, मीटर एसीच्या पट्टीवर ठेवून बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मोजावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब दिसल्यास अल्टरनेटराचा एखादा डायोड बिघडला असल्याचा संशय घ्यावा. मग फिल्टरानें भागणार नाहीं. अल्टरनेटरच दुरुस्त केला पाहिजे, नाहींतर एखादे दिवशीं बॅटरी वाटेंतच दगा देईल.

पांचवी पायरी स्पीकरांची. यंत्र बंद करून व तारा सोडवून, स्पीकराची कोणतीहि तार पत्र्यास कोठें टेकली आहे काय हें ओहमाच्या पट्टीवर पाहावें. दरवाजाच्या बिजागरीपाशीं तार घासून उघडी पडण्याचा प्रकार फार आढळतो.

५. आमची चूक

आतां ती कथा. आमच्या गाडींतील ध्वनिवर्धकाच्या सर्व तारा आमच्याच शाळेंतील इयत्ता दहावीच्या एका विद्यार्थ्यानें घातल्या होत्या. वर्षभर त्या यंत्रानें निमूटपणें काम केलें. पावसाळा संपल्यावर मात्र बारीकशी शिटी ऐकूं येऊं लागली. आम्हीं अर्थिंगच्या बोल्टाकडे पाहिलें. त्यावर थोडा गंज होता. निदान अगदीं बरोबर होतें, पण उतावळेपणा नडला. यंत्र चालूं, तारा सर्व जागच्या जागीं, गाणें सुरू, आणि आम्हीं पाना घेऊन तोच बोल्ट सैल केला. ‘टक्’ असा एक आवाज झाला व गाणें तुटलें. आम्हीं पत्रा घासून स्वच्छ केला, बोल्ट आवळला व यंत्र पुन्हां लावलें. गाणें आलें, परंतु पूर्वींची बारीक शिटी आतां एवढी मोठी झाली होती कीं, गाण्याचे शब्द ऐकूं येईनात.

नाताळ दहा दिवसांवर आला होता. आम्हीं त्या मुलास बोलावून, ‘तूं तारा नीट घातल्या नाहींस,’ असें चार मुलांदेखत म्हटलें. तो कांहीं बोलला नाहीं. शनिवार व रविवार असे दोन दिवस त्यानें आसनें काढून सर्व तारा नव्यानें घातल्या. शिटी तशीच राहिली. तेव्हां आम्हांस राग आला, आणि त्या रागांतच ध्वनिवर्धक बदलण्याकरितां पैसे मागण्याचा अर्जहि आम्हीं लिहून ठेवला.

सोमवारीं तो मुलगा आला व म्हणाला, ‘सर, आपणच वर्गांत सांगितलें होतें कीं, अंदाजानें वस्तु बदलूं नये. मला एक तास द्या.’ त्यानें वर सांगितलेल्या पायऱ्या क्रमानें केल्या. ध्वनिवर्धकाचें तोंड बंद करतांच शांतता झाली. तारेच्या स्टिरिओकडील टोंकास बंद करतांहि शांतता झाली. म्हणजे त्यानें घातलेल्या तारा निर्दोष, व आम्ही ज्याच्याबद्दल अर्ज लिहिला तो ध्वनिवर्धकहि निर्दोष! मग त्यानें स्टिरिओ बाहेर काढून त्याच्या आरसीए तोंडाचें बाहेरचें कडें व स्टिरिओची धातूची पेटी ह्यांमधील विरोध मोजला. तो शून्याजवळ असावयास पाहिजे होता. मीटर मात्र मुळींच जोड दाखवीना. त्यानें तारेचा एक तुकडा घेऊन कडें व पेटी क्षणभर जोडलीं, आणि शिटी एकदम नाहींशी झाली.

कारण असें होतें. आम्हीं अर्थिंगचा बोल्ट सैल करतांच ध्वनिवर्धकाच्या प्रवाहाची परतीची हमरस्त्याची वाट बंद झाली. प्रवाह थांबून राहत नाहीं, तो दुसरी वाट शोधतो. त्यास वाट सांपडली ती आरसीए तारेच्या आवरणांतून स्टिरिओमध्यें, व तेथून पत्र्यास. परंतु स्टिरिओच्या आंत त्या वाटेवर केंसासारखा बारीक फ्यूज होता. तो त्या भारानें जळाला. ‘टक्’ झालें तें तेंच असावें. तेव्हांपासून स्टिरिओच्या संदेशास पक्कें शून्य राहिलें नाहीं, व दोन शून्यांतली सगळी तफावत थेट गाण्यांत मिसळूं लागली. दोष त्या मुलाचा नव्हता. तो आमच्या हातचा होता. आम्हीं दुसरे दिवशीं त्याच चार मुलांसमोर, व इतर वर्गासमोरहि, तसें सांगितलें आणि त्याची क्षमा मागितली. अर्ज फाडून टाकला. एका दुरुस्तीवाल्याकडून मूळच्याच मापाचा फ्यूज बसवून घेतला. त्यास ध्वनिवर्धकाच्या किंमतीच्या मानानें अगदींच थोडा खर्च आला. नाताळांत गायकमंडळाचें गाणें खेड्याखेड्यांतून स्वच्छ ऐकूं आलें.

६. उपाय व खबरदारी

ह्या अनुभवावरून कांहीं नियम आम्ही येथें देतों.

अर्थिंगची तार शक्य तितकी आंखूड, अर्ध्या मीटरच्या आंत, व पुरवठ्याच्या तारेइतकीच जाड असावी. पत्र्यावरील रंग पॉलिश पेपरनें घासून चकचकीत धातु दिसूं द्यावी. तारेस थिंबल चढवून दांतेरी वायसर घालून बोल्ट आवळावा, व मग वरून ग्रीस अथवा रंग लावावा, म्हणजे पावसाळ्यांत गंज चढणार नाहीं. आसनाच्या पट्ट्याचा बोल्ट ह्या कामीं कधींहि वापरूं नये; त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. नवीन भोंक पाडण्यापूर्वीं पत्र्याखालीं पेट्रोलची टांकी अथवा नळी नाहीं ना, हें वांकून पाहावें.

पुरवठ्याची जाड तार गाडीच्या एका बाजूनें व आरसीए तारा दुसऱ्या बाजूनें न्याव्यात. १८३१ सालीं फॅरडे ह्यानें दाखविल्याप्रमाणें एका तारेंतील बदलता प्रवाह शेजारच्या तारेंत आपली छाया उत्पन्न करतो. दोन्ही तारा एकमेकींस ओलांडणें भागच असेल, तर काटकोनांत ओलांडाव्यात.

बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आंत, तारेस पेलेल अशाच मापाचा फ्यूज असलाच पाहिजे, आणि पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना रबरी कडें घातलेंच पाहिजे. कुरकुर ही कानास त्रास देते. पण फ्यूजावांचून घासलेली तार गाडीस आग लावते. ह्या दोहोंत कोणत्या दोषाची अधिक काळजी करावी हें सांगावयास नको.

कोणतीहि जोडणी सोडण्यापूर्वीं यंत्र बंद करून पुरवठ्याचा मुख्य फ्यूज आधीं काढावा. अर्थिंग सर्वांत शेवटीं सोडावें व जोडतांना सर्वांत आधीं जोडावें. हा एक नियम आम्हीं पाळला असता, तर वरील कथा लिहावी लागली नसती. इंजिन चालूं असतां बॅटरीची तार काढून परीक्षा पाहण्याची कांहींजणांस खोड असते. त्यानें दाब एकदम उसळून गाडींतील नाजूक यंत्रें जळण्याचा धोका असतो. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. कार्बन मोनॉक्साइड ह्या विषारी वायूस वास नसतो. फिरत्या पट्ट्याजवळ सैल बाह्या नेऊं नयेत. विजेवर चालणाऱ्या व हायब्रिड गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारांस मुळींच हात लावूं नये. त्यांतील दाब शेंकडों व्होल्टांचा असतो.

राहतां राहिला बाजारांतला ‘आयसोलेटर’. त्यांत दोन वेटोळ्यांचा लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळें संदेश पलीकडे जातो, परंतु वर्तुळ तुटतें व कुरकुर थांबते. तो निरुपयोगी नाहीं. मात्र स्वस्त आयसोलेटर गाण्यांतील खालचे गंभीर स्वर दुबळे करतो, आणि मूळ दोष तर जागच्या जागीं राहतो. जेथें खरा दोष सांपडूनहि दूर करतां येत नाहीं, तेथेंच त्याचा आश्रय करावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं थोडेच मोटारींचे कारागीर होतील. परंतु कुरकुर सर्वांच्याच आयुष्यांत येते. शांतपणें ऐकावें, अर्धें अर्धें निर्दोष ठरवीत जावें, मोजल्यावांचून बोलूं नये, हा शोधाचा मार्ग गाडीप्रमाणें इतरत्रहि उपयोगी पडतो. आणि दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्यापूर्वीं, शेवटचा पाना कोणाच्या हातीं होता, हें स्वतःस विचारून पाहावें. त्या मुलाचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण त्यास तें रुचणार नाहीं; पण त्यानें मागितलेल्या त्या एका तासाबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों.